रंगतीर्थचं आधीचं नाव

कल्याणात महिपत गोताडला तोंडावरून ओळखणारी माणसं शोधायला गेलात, तर फारशी कुणी सापडायची नाहीत. हात दाखवला असता, तर मात्र निम्म्या गावाने ओळखला असता. चौतीस वर्षं हा गृहस्थ खाडीकाठच्या रंगतीर्थ नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत बसला. खिडकी कसली, भोक ते! वीतभर रुंद, त्याला एक सरकती फळी. त्यातून हात बाहेर यायचा, तिकीट द्यायचा आणि आत जायचा. वर जाळी, जाळीवर नाटकांची पोस्टरं. पलीकडचा माणूस गोरा की काळा, म्हातारा की तरणा, कुणाला पत्ता नाही. लोक म्हणायचे, "त्या बोटाला शाई लागलेल्या माणसाला विचारा, तो चांगली सीट देतो."

कॉम्प्युटर यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा प्रत्येक प्रयोगाचा एक प्लॅन असायचा. प्लॅन म्हणजे जाड कागदाचा मोठा ताव. वर ठळक अक्षरांत नाट्यगृहाचं नाव, खाली सगळ्या नाट्यगृहाच्या खुर्च्या छोट्या छोट्या चौकोनांत छापलेल्या. गिऱ्हाइकाने म्हणायचं, "मधल्या दोन द्या," की महिपतने निळ्या पेन्सिलीने दोन चौकोनांवर फुल्या मारायच्या. त्या पाचशे-सहाशे चौकोनांवर महिपतचं आयुष्य गेलं म्हणा ना! कुणाला एक सीट हवी, कुणाला चार, कुणाला बायकोच्या शेजारी आणि सासूपासून लांब. हा सगळ्यांची जोडाजोड करून द्यायचा.

त्याची स्वतःची जोडाजोड मात्र झाली नाही. तसा प्रयत्न झाला, नाही असं नाही. देवरुखहून भाऊ दोन स्थळं घेऊन आला होता. पण रविवार आला की दोन प्रयोग, दिवाळीत रोज प्रयोग, गणपती सोडले तर सगळ्या सणांना प्रयोग. लोकांना सुट्टी म्हणजे ह्याला काम. मुलगी बघायला जायचं कधी, तर मंगळवारी दुपारी, आणि मंगळवारी दुपारी मुलीचे वडील कामावर! असं करत करत राहून गेलं. राहून गेलं ते गेलंच. आता अडुसष्टाव्या वर्षी डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या बाजूला, एका खोलीत तो, एक टीव्ही आणि एकट्याच्या कपड्यांपुरती वाळत घालायची दोरी.

रंगतीर्थ दीड वर्षापासून बंद आहे. नूतनीकरण. दिवाळीत उघडणार होतं, मग गुढीपाडव्याला उघडणार होतं, आता कुणी तारीखच सांगत नाही. भोवती पत्र्याचं कुंपण, वर हिरवी जाळी आणि जाळीच्या आत कबुतरांची वस्ती. महिपत दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेअर रिक्षाने कल्याणला जायचा आणि पत्र्यातल्या फटीला डोळा लावून उभा राहायचा. चौतीस वर्षं आतल्या भोकातून बाहेर बघितलं, आता बाहेरच्या फटीतून आत!

तिथून पुढे तो वाचनालयात जायचा. वर्तमानपत्र फुकट, पंखा फुकट. ग्रंथपाल जागृती तिशीतली, तोंडाने फटकळ पण मनाने चांगली. एका शुक्रवारी वाचनालयात इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लेख कसे लिहायचे याचं शिबिर होतं. तीस खुर्च्या मांडलेल्या, माणसं सहा.

"काका, पेपर नंतर वाचा. बसा इथे," जागृती म्हणाली. "फोटोत खुर्च्या रिकाम्या दिसतायत."

"मला काय त्यातलं कळतंय?"

"मला तरी कुठे कळतंय? बसा हो."

बसला. रिकाम्या खुर्च्या भरणं हा तर त्याचा जन्माचा धंदा! शिकवणाऱ्याने सांगितलं, की हा ज्ञानकोश सगळ्यांनी मिळून लिहायचा असतो, कुणीही दुरुस्ती करू शकतो. तुमच्या गावातलं काहीतरी शोधा. महिपतने फोनवर एका बोटाने 'रंगतीर्थ' लिहिलं. लेख निघाला. चार ओळींचा. रंगतीर्थ हे कल्याणमधील नाट्यगृह आहे. ते १९७४ साली बांधण्यात आले. त्याची आसनक्षमता अमुक आहे. सध्या नूतनीकरणासाठी बंद आहे. संपला लेख.

महिपत त्या चार ओळींकडे बघत राहिला. कारण १९७४ साली जे बांधलं, त्याचं नाव रंगतीर्थ नव्हतंच.

ते होतं तुळसाबाई नाट्यमंदिर. तुळसाबाई मढवी म्हणजे खाडीकाठच्या जुन्या घरातली बाई. नवऱ्यामागे, गोविंदा मढवींमागे, भातशेती आणि मिठागर तिने एकटीने सांभाळलं. गावच्या नाट्यमंडळाच्या लोकांना नाट्यगृहासाठी जागा मिळेना, तेव्हा तिने आपला एक तुकडा देऊन टाकला. बदल्यात काही मागितलं नाही. मंडळाने आपणहून पाटीवर तिचं नाव घातलं, आणि आठ वर्षांनी मंडळाच्या नव्या कार्यकारिणीने आपणहून काढलंही. म्हणे जाहिरातीत बरं दिसत नाही. म्हणे नाव कसं भारदस्त हवं. तुळसाबाईचा सत्कार नाही, आधी साधं विचारणं नाही. एके सकाळी रंगाऱ्याने पांढरा हात मारला आणि नाव गेलं.

हे सगळं महिपतने डोळ्यांनी पाहिलेलं. तो तेव्हा पंचविशीचा, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. पाटीवर अजून नवं नाव यायचं होतं, नुसतीच पांढरी होती, आणि मंगळवारच्या बाजाराला आलेली तुळसाबाई खिडकीसमोर उभी राहिली. जांभळं लुगडं, कपाळावर गोंदण, डोक्यावर टोपली. बाईला अक्षर येत नव्हतं, पण आपलं नाव दिसतं कसं ते तिला पाठ होतं.

"काय रं पोरा," ती म्हणाली, "माजं नाव कुटं गेलं?"

आता खरं सांगायचं तर जीभ उचलायला हवी. ती काही उचलेना. हा म्हणाला, "रंगकाम चालू आहे, आई. रंग वाळला की लिहितील परत."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

पुढच्या मंगळवारी परत. "वाळला का रं रंग?" हा परत तेच म्हणाला. एव्हाना पाटीवर 'रंगतीर्थ' चढलं होतं, तर ह्याने सांगितलं की दुसरी पाटी होणार आहे, मोठी, ती करायला टाकली आहे. एकदा खोटं बोललं की त्याला भाऊबंद जोडावे लागतात! कधी रंगारी गावाला गेला, कधी लाकूड ओलं निघालं. तुळसाबाई दर मंगळवारी यायची, विचारायची, खिडकीच्या फळीवर कधी मूठभर चिंचा, कधी कोवळी काकडी ठेवायची आणि जायची. असं दीड-दोन वर्षं चाललं. शेवटी महिपतला ते सोसेना. मग त्याने काय करावं? लांबून जांभळं लुगडं दिसलं, की हा पठ्ठ्या फळी सरकवायचा आणि 'बुकिंग बंद'ची पाटी लावून आत खाली मान घालून बसायचा. तीन-चार मंगळवार असे गेले. मग ती यायची थांबली. काही वर्षांनी कळलं, वारली.

बस, एवढंच. कुणाचा जीव घेतला नाही, कुणाला लुबाडलं नाही. पण माणसाच्या मनात काय घर करून बसेल, काही सांगता येत नाही. चाळीस वर्षं महिपतला वाटत राहिलं, की त्या म्हातारीचं नाव मंडळाने एकदा पुसलं आणि आपण दर मंगळवारी पुसलं.

म्हणून त्या शिबिरात त्याने एका बोटाने, चष्मा वर-खाली करत, लेखात पाचवी ओळ घातली: 'या नाट्यगृहाचे मूळ नाव तुळसाबाई नाट्यमंदिर असे होते.' घरी जाताना रिक्षात त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याने रिक्षावाल्याशी आपणहून हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ओळ गायब!

लेखाला जोडून एक चर्चेचं पान असतं. तिथे कुणी विनिता माजिवडा या नावाने (माजिवडा म्हणजे ठाण्यातलं) लिहिलं होतं: 'संदर्भाशिवाय घातलेले वाक्य काढले आहे. कृपया छापील संदर्भ द्यावा.'

महिपतने ओळ परत घातली. संध्याकाळी ती परत गेली. तिसऱ्यांदा घातली, तिसऱ्यांदा गेली. मग त्याचं डोकं फिरलं. 'बुकिंगवाला' हे नाव त्याने शिबिरात घेतलं होतं, त्या नावाने त्याने चर्चेच्या पानावर लिहिलं: 'अहो बाई, मी तिथे चौतीस वर्षे नोकरी केली आहे. ती पाटी मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे. तुम्ही ठाण्यात बसून मला सांगणार काय?'

उत्तर आलं: 'आपल्या अनुभवाचा आदर आहे. परंतु वैयक्तिक आठवण हा संदर्भ होत नाही. उद्या कुणीही येऊन काहीही आठवेल.'

हे वाचून तो तासभर धुमसत होता. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण तासभर कुणाच्या तरी विचारात होतो. किती दिवसांनी!

पुढे जवळजवळ वर्षभर हे प्रकरण चालू राहिलं. महिपत सकाळी उठला, की चहा ठेवायच्या आधी फोन बघायचा. बाईंनी काय लिहिलंय? काय काढलंय? त्याने लेखात लिहिलं, 'आज पुढचे पत्रे उतरवले, दोन क्रेन होत्या.' बाईंनी काढलं: 'ज्ञानकोश ही रोजनिशी नव्हे.' त्याने लिहिलं, 'जुन्या खुर्च्या दोन ट्रकांतून नेल्या, बघवत नव्हतं.' बाई म्हणाल्या, 'बघवत नव्हतं हे काढावे लागेल.' हळूहळू तो शिकला. 'वर्षअखेरीस छताचे काम सुरू होते,' असं कोरडंठाक वाक्य आणि त्यामागे वर्तमानपत्राची तारीख. बाईंनी ते राहू दिलं आणि खाली लिहिलं, 'उत्तम.' तो 'उत्तम' त्याने दिवसभरात चारदा उघडून पाहिला. आता हसा तुम्ही!

एका शुक्रवारी फटीतून त्याला दिसलं, की तिकीट खिडकी विटांनी बुजवून टाकली आहे. नव्या नाट्यगृहात सगळं बुकिंग मोबाइलवर होणार होतं. त्याने घरी येऊन लिहिलं, 'मूळ तिकीट खिडकी बुजवण्यात आली आहे.' बाईंनी विचारलं, 'हे नोंद घेण्याजोगे आहे का?' महिपतला रागही येईना. शेवटी त्याने स्वतःच ते वाक्य पुसलं.

पण तुळसाबाईच्या नावाचा हट्ट त्याने सोडला नाही. त्यातच मंडळाच्या कारकुनाशी फोनवर बोलताना त्याला कळलं, की उद्घाटनाला एक पुस्तिका निघणार आहे, नाट्यगृहाच्या इतिहासाची.

"इतिहास कोण लिहितंय?" त्याने विचारलं.

"लिहायचंय काय त्यात? नेटवरनं उचलू."

म्हणजे ज्ञानकोशात नाव नसेल, तर पुस्तिकेत नाही. पुस्तिकेत नसेल, तर संपलं. मग तुळसाबाई कुठेच नाही, एका म्हाताऱ्याच्या डोक्यात तेवढी, आणि ते डोकं आज आहे तर उद्या नाही.

विनिताबाईंनी एकदा सुचवलं, 'त्यांच्या कुटुंबाकडे काही कागदपत्रे असतील. विचारून पाहावे.' महिपतने त्याला उत्तरच दिलं नाही. मढवी कुठे राहतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण तिथे जाऊन सांगायचं काय? की तुमच्या म्हातारीला दोन वर्षं थापा मारणारा तो मीच? तो वाट वाकडी करून त्यांच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीने जायचा.

वाचनालयात त्याने सगळं उपसलं. स्थानिक साप्ताहिकाच्या जुन्या फायली मागितल्या, तर जागृतीने वाळवी लागलेला गठ्ठा आणून समोर ठेवला. १९७४ ते ८२ म्हणजे नेमका वाळवीच्या पोटात गेलेला भाग. मुंबईच्या पेपरांत जाहिराती होत्या, पण त्यात नुसतं 'कल्याण, रात्री ८॥'.

"काका, सोडा ना आता," जागृती म्हणाली. "एक नाव तर आहे. काय फरक पडतो?"

"पडतो," महिपत म्हणाला. आणि मग, का कोण जाणे, त्याने तिला सगळं सांगितलं. चिंचा, काकडी, फळी, बुकिंग बंद. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. जागृतीने त्याच्यासाठी चहा मागवला.

चहा येईपर्यंत हाताला चाळा म्हणून त्याने मागच्या कपाटातलं एक जुनं नाटकाचं पुस्तक काढलं. वाचनालयाची पुस्तकं म्हणजे खाकी कव्हर, पण ह्याचं कव्हर पांढरं, म्हणजे एके काळी पांढरं असावं असं. कोपऱ्यात फाटलं होतं. त्या फाटक्या भागातून आतल्या बाजूचे छोटे छोटे चौकोन दिसत होते. चौकोनांत आकडे. के १४, के १५, के १६.

अरे देवा! महिपतला झटक्यात आठवलं. नाव बदललं तेव्हा जुन्या नावाचे छापील प्लॅन दोन गठ्ठे शिल्लक होते. मॅनेजर म्हणाला, जाळून टाक. महिपत कोकणातला माणूस, जाड कोरा कागद जाळायचा म्हणजे जिवावर येतं. त्याने काही प्लॅन चाळीतल्या पोरांना वह्यांना कव्हरं घालायला वाटले, आणि उरलेला गठ्ठा वाचनालयाला नेऊन दिला. छापील बाजू आत घाला, कोरी बाजू वर ठेवा, म्हणूनही त्यानेच सांगितलं होतं. आणि वर्षभर गावभर पुरावा शोधत फिरला!

"जागृती," तो म्हणाला, "हे कव्हर काढायला ब्लेड आहे का?"

जागृतीने ब्लेड आणलं, डिंकाच्या कडा हलक्या हाताने सोडवल्या आणि कागद टेबलावर उलगडला. घडी पिवळी पडली होती, पण वरची अक्षरं शाबूत होती. तुळसाबाई नाट्यमंदिर, कल्याण. खाली दिवस, वेळ, प्रयोग अशा मोकळ्या जागा. जागृतीने लगोलग कपाट उपसलं. तसली कव्हरं घातलेली एकोणीस पुस्तकं निघाली.

पुढचं जागृतीने केलं. वाचनालयाचं एक त्रैमासिक निघतं, त्यात तिने फोटोसकट टिपण छापलं. अंक आल्या दिवशी महिपतने वाक्य लेखात घातलं, मागे त्रैमासिकाचा अंक आणि पान क्रमांक टाकला, आणि फोन पालथा ठेवून भांडी घासायला घेतली. दोनच भांडी होती, ती त्याने दोनदा घासली.

दुपारी बाईंचं उत्तर आलं. 'संदर्भ योग्य आहे. वाक्य राहील. अभिनंदन.'

राहील! महिपत खोलीभर फिरला. मग त्याने बाईंना लांबलचक पत्रच लिहिलं. आपण कोण, कुठले, तुमच्यामुळे किती शिकलो, कधी कल्याणला आलात तर वाचनालयात अवश्य यावं, मी मंगळवारी आणि शुक्रवारी असतो. दुसऱ्या दिवशी त्याने फोन बघितला. उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. आठवड्याने बघितलं, तर बाई कुठल्याशा धरणाच्या लेखावर कुणाशी तरी वाद घालत होत्या. बरोबरच आहे म्हणा. काम झालं होतं. तरी त्याला ते लागलं, फार लागलं.

कुणाला तरी हे सांगायला हवं होतं. ज्यांना सांगायला हवं होतं, ते कोण हे त्याला माहीत होतं. ज्या गल्लीला तो वर्षभर चुकवत होता, त्या गल्लीत एका मंगळवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून शिरला.

मढवींच्या जमिनीवर आता सात मजली इमारत उभी होती. तिसऱ्या मजल्यावर दर्शना राहायची, तुळसाबाईची नात. पन्नाशीची, भरल्या अंगाची, पिठाच्या हातांनीच तिने दार उघडलं.

"मी गोताड," तो म्हणाला. "नाट्यगृहात तिकीट खिडकीत होतो."

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. काही ओळख पटेना. मग तिची नजर खाली, त्याच्या हाताकडे गेली आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"अगं बाई, खिडकीतले काका! या या, आत या. बसा ना."

त्याला सोफ्यावर बसवून तिने पंखा लावला. त्याने फोन पुढे केला. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. तिचे डोळे भरून आले. तिने दोनदा वाचलं. "प्रितमला दाखवते," म्हणाली. "माझा भाऊ. त्याला लय वाईट वाटायचं नावाचं."

आता बोलायचं नाही तर कधी? महिपतने घसा साफ केला.

"एक सांगायचंय. तुमच्या आजी दर मंगळवारी मला विचारायला यायच्या. मी त्यांना खोटं सांगत होतो. नाव परत लिहिणार म्हणून. आणि मग... मग मी त्यांना बघून खिडकी लावून घ्यायचो. चाळीस वर्षं मला ते—"

दर्शना चक्क हसली.

"काका, आजीला माहीत होतं."

"काय?"

"सगळंच. नाव काढलं त्याच आठवड्यात मंडळाचा माणूस घरी येऊन सांगून गेलेला. घरात ही भांडणं! माझे बाबा काठी घेऊन निघालेले. आजी बोलली, जाऊ दे, नाटक तर चालतंय ना. तिने पाटीकडे परत बघितलंसुद्धा नाही."

"मग त्या मला विचारायला का यायच्या?"

"तुमच्यासाठी," दर्शना म्हणाली. "मी असायची ना तिच्याबरोबर, आठ वर्षांची. तुम्हाला नसेन दिसली, खिडकी उंच होती. मला तुमचा फक्त हात दिसायचा. मी एकदा तिला विचारलेलं, आजी, तो खोटं बोलतो तर तू कशाला जाते? ती बोलली, त्या पोराला कुनी काय इचारत नाय गं. लोकं तिकीट घेतान न् जातान. मी इचारलं की घाबरतं, पन दोन शब्द बोलतं तरी माझ्याशी."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं गाणं वाजत होतं.

"आणि मी खिडकी बंद करायला लागलो तेव्हा?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"तेव्हा तर ती खूश! दोन-तीन मंगळवार बघितलं न् घरी येऊन आईला बोलली, त्या पोराचं लगीन झालं वाटतं. दुपारी घरी जेवायला जातंय, खिडकी लावून. बरं झालं, आता त्याला माणूस भेटलं. आता आपली कटकट नको. मग ती गेलीच नाही." दर्शना उठली. "थांबा हं, तुम्हाला असं नाही सोडायची. काकी बऱ्या आहेत ना?"

महिपतने मान वर केली. दर्शना स्वयंपाकघराच्या दारात उत्तराची वाट बघत उभी होती, चेहऱ्यावर अगदी आपलेपणा.

"हो," तो म्हणाला. "बरी आहे."

"त्यांनाही आणायचं ना मग!"

"गुडघे दुखतात तिचे. जिना उतरवत नाही."

"अरेरे. तेल लावायला सांगा, कोमट करून." ती आत गेली. डब्याची झाकणं वाजली. बाहेर आली ती चार कप्प्यांचा डबा घेऊन, वरून फडकं बांधलेलं. "तांदळाच्या भाकऱ्या आहेत, वालाचं बिरडं आहे, खाली सुकट आहे. तुम्हाला दोघांना पुरेल. आणि डबा परत द्यायला काकींना घेऊनच यायचं, काय? खाली प्रितमची गाडी असते, तो आणायला येईल."

"येतो," महिपत म्हणाला.

तो जिना उतरून खाली आला. डबा गरम होता आणि जड होता. कोपऱ्यावर मानपाड्याची शेअर रिक्षा उभी होती, तिला चौथी सीट हवी होती, रिक्षावाला त्याच्याकडे बघून हाका मारत होता. महिपतने नाही म्हणून हात केला. दोघांचं जेवण आहे, एकट्याला उद्या रात्रीपर्यंत जाईल, सुकट परवापर्यंतही टिकेल, असं मनाशी म्हणत तो डबा छातीशी धरून चालत निघाला.